दिवसाउजेडी सांगितलेली गोष्ट

साठी उलटलेल्या बाईला 'काय व पोरी' अशी हाक मारणारी माणसं दर आठवड्याला भेटतील, अशी नोकरी मी सात वर्षं केली. त्याआधी तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. तिथे मी तिशीत असतानाच पोरं मला म्हातारी समजायची. तेव्हा निवृत्तीनंतर मी तरुण झाले, असं माझ्या घरचे चेष्टेने म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही.

कागदावर माझ्या कामाचं नाव चांगलं तीन ओळींचं होतं. लोक मला 'गोष्टीवाली बाई' म्हणत. अमरावतीतल्या एका छोट्या संस्थेचं हे काम. दर गुरुवारी अकरा वाजता सहावीतली बारा-पंधरा मुलं शाळेतून चालत आमच्या विरंगुळा केंद्रावर यायची. केंद्रावर आठ-दहा म्हातारी माणसं आधीच खुर्च्या धरून बसलेली असायची. सगळ्यांनी मिळून सव्वा तासात एक गोष्ट करायची, एवढंच काम. शनिवारी हेच अकोल्यात. एसटीने जायचं, एसटीने यायचं, आणि उन्हाळ्यात अकोल्याला पोचल्यावर पहिली पाच मिनिटं कोणाशीही बोलायचं नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम होता.

गोष्ट करायची म्हणजे काय, ते सांगते. मधल्या टेबलावर एक चित्र ठेवायचं. मग विचारायचं, हे कोण असेल? कुठे निघालं असेल? कोणी काहीही सांगो, ते फळ्यावर जसंच्या तसं लिहायचं. कोणाचंच चूक नसतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला 'आठवतं का?' असं कधीही विचारायचं नाही. नाही आठवलं की माणूस खजील होतो आणि पुन्हा तोंड उघडत नाही. 'काय असेल?' विचारलं की ज्याला सकाळचा नाश्ता आठवत नाही तोही बोलायला लागतो. हे कळायला मला पहिलं वर्ष लागलं. तीस वर्षं मी पोरांना 'आठवतं का?' एवढंच तर विचारत आले होते.

चित्र निवडणं ही या कामातली खरी मेख. सुंदर चित्र काही कामाचं नाही. सूर्यास्त दाखवला की सगळे 'छान आहे' म्हणतात आणि चहाची वाट बघतात. चित्रात काहीतरी बिनसलेलं पाहिजे. एसटीच्या टपावर बकरी, लग्नाच्या मांडवात एकटीच झोपलेली बाई, असलं काही. अकोल्यात एकदा मी कपाशीच्या शेतात छत्री घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं चित्र नेलं. काळ्या मातीत आयुष्य गेलेल्या एका बाबांनी ते डोळ्यांजवळ धरलं आणि परत माझ्या हातात दिलं. बोंडं फुटलेली असताना, म्हणजे पाऊस सरल्यावर, माणूस छत्री घेऊन शेतात कशाला जाईल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, कल्पना करायची आहे बाबा. ते म्हणाले, कल्पना करतो, पण आधी कपाशी बदलून आणा. मुलांनी त्यांची बाजू घेतली. त्या दिवशी आम्ही अवकाळी पावसाची गोष्ट केली आणि बाबांनी त्या छत्रीवाल्याचं सगळं पीक वाचवलं.

तिथेच एक निवृत्त मुख्याध्यापक येत. त्यांना प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य लागायचं. पोरांनी केलेल्या गोष्टीत माकडाने मोबाईल पळवून थेट मंत्र्याला फोन लावला, तर सरांनी उभं राहून विचारलं, यातून आपण काय शिकलो? एक पोरगी म्हणाली, माकडाजवळ रिचार्ज होता. सर पुढचे दोन शनिवार आले नाहीत. तिसऱ्या शनिवारी आले आणि त्यांनी स्वतः गोष्टीतल्या एका चोराला फणसात लपवलं. तात्पर्य मात्र त्यांनी सोडलं नाही.

अशा गमतीच्या गोष्टी सांगायला लागले तर अंक भरेल. पण मला लिहायचं आहे ते कौसल्याआजी आणि पूनमबद्दल. त्यात माझी एक चूक आहे आणि ती मी अजून कोणाला नीट सांगितलेली नाही.

कौसल्याआजी ऐंशीच्या घरातल्या. मोर्शीकडच्या, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातल्या. मुलाने अमरावतीत राजापेठेत फ्लॅट घेतला, तेव्हापासून इथे. त्यांना जुन्या गोष्टी, म्हणजे त्यांच्या भाषेत कायन्या, ढीगभर येतात असं त्यांच्या सुनेने मला सांगितलं होतं. पण आजी केंद्रावर येऊन तोंड मिटून बसायच्या. चित्रावर बोलायच्या, पोरांना कोणाचा कोण हे खोदून विचारायच्या, पण कायनी सांगा म्हटलं की मान फिरवायच्या. मी महिनाभर मागे लागल्यावर एकदा म्हणाल्या, "दिवसा कायनी सांगतली का मामा वाट चुकते."

ही समजूत मी लहानपणी ऐकली होती. दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्या पोरांचा मामा रस्ता चुकतो. दिवसा बायकांनी कामं टाकून गोष्टी सांगत बसू नये म्हणून कोणीतरी काढलेली युक्ती असणार, असं मी वर्गात शिकवतही असे. मी हसून म्हटलं, आजी, तुमचे मामा आता कुठे वाट चुकायला जाणार? त्या म्हणाल्या, माझ्या नाही, या पोरांच्या मामांचं सांगते.

मग मी माझ्या मते फार हुशारी केली. मुलांना विचारलं, तुमच्या मामांकडे मोबाईल आहे ना? सगळ्यांचे हात वर. मोबाईलवर रस्ता दिसतो ना? दिसतो. मग कोण चुकेल? पोरं हसली, म्हातारेही हसले. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हा ते बघणं मला हट्ट वाटलं. पोरांनी 'सांग ना आजी, सांग ना' असा धोशा लावला आणि अखेर आजींनी पदर सावरून सुरुवात केली.

काय सांगितलं त्यांनी! एका मुलीने लग्नात बापाकडे आंदण म्हणून शेतातली विहीर मागितली. बाप हसून म्हणाला, ने. तिने खरंच विहीर उचलून डोक्यावर घेतली आणि सासरी निघाली. वाटेत जो तहानलेला भेटेल त्याला पाणी दिलं, आणि सासरी पोचेपर्यंत विहिरीत एकच घागर उरली. सासू ती घागर बघून काय म्हणाली आणि पुढे काय झालं, हे सांगताना आजींचा आवाज असा बदलला की पंख्याची घरघरसुद्धा कोणाला ऐकू आली नाही. पोरं खुर्च्या सोडून त्यांच्या पायाशी आली होती. सगळ्यात पुढे पूनम होती. किडकिडीत, दोन वेण्यांची, प्रश्न विचारून भंडावून सोडणारी. मी घरी जाऊन त्या दिवसाच्या अहवालात 'अडसर दूर झाला' असं लिहिलं.

पुढच्या गुरुवारी मी चित्र टेबलावर ठेवलं, तर पूनम हात वर करून म्हणाली की मॅडम, आज गोष्ट नको, दिवस मावळल्यावर करू. मुलं हसली. मीही हसले. गोष्ट सुरू झाली तेव्हा तिने दोन्ही कानांत बोटं घातली. कान दुखतो का, असं मी विचारलं. ती नाही म्हणाली आणि बोटं काढली नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती आलीच नाही. तिच्या वर्गशिक्षिकेने सांगितलं की पूनम इतर दिवशी शाळेत असते, पण गुरुवारी घरी राहते, आणि मराठीच्या तासाला धडा वाचायला लागलं की पाणी प्यायला जायचं म्हणून बाहेर पळते.

मी तिच्या घरी गेले. बडनेरा रोडला आतल्या वस्तीत दोन खोल्या. पूनम आणि तिची आई तिच्या मामाकडे राहतात, हे मला माहीत होतं. आई डबे करायच्या कामावर गेली होती. घरी पूनम आणि तिची आजी, म्हणजे मामाची आई. मामा पिकअप गाडीवर ड्रायव्हर होता. भाजीपाला घेऊन धारणीला जायचा, दुसऱ्या दिवशी परत यायचा. पूनमला शाळेत त्यानेच घातलेलं, वेण्यांच्या रिबिनीसुद्धा तोच आणायचा. मामा कुठे आहेत विचारल्यावर म्हातारीने पदर तोंडाला लावला. तीन आठवड्यांपासून घरी आला नव्हता. तिकडेच राहत होता, चार दोस्तांबरोबर दारू पीत होता, घर नको म्हणून निरोप पाठवला होता. आणि मग ती म्हणाली, "काय सांगू बाई, पोट्टं वाट चुकलं माहं."

पूनम दारात उभी होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मनात दिवस मोजले. विहिरीची गोष्ट झाली त्याच गुरुवारी सकाळी मामा धारणीला निघाला होता. पोरीने केंद्रावर ऐकलं होतं की दिवसा गोष्ट ऐकली की मामा वाट चुकतो. घरी येऊन ती रोज ऐकत होती की मामा वाट चुकला. 'मामा बिघडला' असं कोणी म्हटलं असतं तर तिला कळलं असतं. सगळे वाट चुकला म्हणत होते, आणि ती वाट आपण चुकवली असं या अकरा वर्षांच्या पोरीने मनात धरलं होतं.

मी तिला अंगणात नेऊन समजावलं. असं काही नसतं, ती जुनी समजूत आहे, आणि मामा कुठे आहे ते तर घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मास्तरणीसमोर जशी मान हलवतात तशी तिने हलवली. मग म्हणाली, "पत्ता ठाऊक हाय, मंग थो येऊन काहून नाई राहिला? रस्ता सापडत नाई म्हनूनच ना?" तीस वर्षं मराठी शिकवली, आणि वाट चुकण्याचे दोन अर्थ या पोरीला सांगता येईनात. दुसरा अर्थ सांगणं म्हणजे तिच्या लाडक्या मामाला नावं ठेवणं होतं.

पुढच्या गुरुवारी केंद्रावर मुलं यायच्या आधी मी कौसल्याआजींना सगळं सांगितलं. माझी अपेक्षा होती की त्या मला बोलतील. त्या रागावल्या नाहीत. खुर्चीचा हात चोळत त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांच्या सुनेलाही माहीत नव्हतं. तरुणपणी, पहिला मुलगा तीन वर्षांचा असताना, श्रावणात त्यांचा भाऊ त्यांना राखीसाठी न्यायला येणार होता. भर दुपारी मुलगा तापाने रडत होता. त्याला गप्प करायला त्यांनी कायनी सांगितली. सासूने टोकलंही होतं. भाऊ त्या दिवशी आला नाही. एसटीतून उतरल्याचं लोकांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी गावाच्या उलट दिशेला, नाल्यापलीकडच्या बांधावर मेलेला सापडला. पान लागलं होतं. साप चावला असं आमच्याकडे म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. तो त्या बाजूला कसा गेला हे कोणालाच कळलं नाही. वाट पाठ होती त्याची.

म्हणजे मी ज्याला जुनी समजूत म्हणून हसले होते, ती या बाईच्या छातीवर पन्नासहून जास्त वर्षं बसलेली होती. ती पोरांच्या मामांची काळजी करत होती आणि मी मोबाईलचे विनोद करत होते. मी त्यांचे हात धरले आणि माफी मागितली. रडू येत होतं, ते आवरलंही नाही. आजींनी मला थोडा वेळ रडू दिलं. मग काठी घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला त्या पोरीकडे ने.

तोवर अकरा वाजले होते. मुलं वर्गशिक्षिकेवर सोपवून मी ऑटो बोलावला. पूनम घरीच होती, तिची आजी शेजारी गेली होती. कौसल्याआजी बाजेवर बसल्या, पूनमला त्यांनी समोर बसवलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. म्हणाल्या की कायनी मी सांगितली, तू फक्त ऐकली. दिवसा कायनीचा दोष सांगणाऱ्याला लागतो, ऐकणाऱ्याला लागत नाही.

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. असं काही कोणी कधी म्हटलेलं नाही. ते कलम त्यांनी तिथल्या तिथे रचलं होतं आणि पोरीचं ओझं उचलून स्वतःकडे घेतलं होतं. मला ते फार मोठं वाटलं. पण पूनम ती पूनमच. ती विचार करायला लागली. मला दिसत होतं की ती काय विचारणार.

"मंग माहा मामा तुह्यामुळं वाट चुकला का?"

आजींनी काठी बाजूला ठेवली आणि पूनमचा हात आपल्या हातात घेतला.

"नाई व माय," त्या म्हणाल्या. "थो मोठा मानूस हाय. त्याची वाट त्यानं सोडली. कायनीनं कोनी वाट चुकत नाई. तुह्या हाती काई नवतं." मग पूनमकडे न बघता म्हणाल्या, "माह्या बी हाती नवतं."

हे शेवटचं त्या पूनमला सांगत नव्हत्या. त्या खोलीत ते मला एकटीला कळलं.

पूनमने विचारलं, मामा परत येईल का. आजींनी खोटं आश्वासन दिलं नाही. ते मला माहीत नाही, असं म्हणाल्या. पूनम एकदम हसली बिसली नाही. तिने आजींना पाणी आणून दिलं आणि कानाला हात लावून उगाच रिबीन घट्ट केली. पुढच्या गुरुवारी मात्र ती आली, मागच्या खुर्चीत बसली आणि अर्धा तास झाल्यावर तिने आमच्या चित्रातल्या बकरीचं नाव बदलायला लावलं. तिचा मामा मी काम सोडेपर्यंत दोनदा घरी येऊन गेला, राहिला नाही. ते दुखणं आहेच. पण ते तिने केलेलं नाही, एवढं तिला कळलं होतं.

मला अजून सांगायचं आहे ते परतीच्या ऑटोबद्दल. आम्ही दोघी मागे बसलो होतो. ऊन चढलं होतं, आजींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला होता. मला वाटलं थकल्या. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "गंगाधर नाव होतं त्याचं." केंद्रावर मला सांगताना त्यांनी एकदाही नाव घेतलं नव्हतं, 'भाऊ' एवढंच म्हणाल्या होत्या. आता त्या सांगायला लागल्या. गंगाधर दोन्ही खिशांत संत्री कोंबून चालायचा, खिसे फाटायचे, आई रागवायची. बहिणीला शाळेत घालत नाहीत म्हणून तो स्वतः पाटी घेऊन तिला शिकवायला बसला होता आणि त्याला स्वतःलाच 'क्ष' काढता येत नव्हता. एकदा तो पोळ्याला बैल सजवायला गेला आणि चुकून शेजाऱ्याचा बैल सजवून आणला. हे सांगताना आजी खुदकन हसल्या.

राजापेठेत त्यांची इमारत आली. दुपारचा एक वाजला होता. ऑटोवाल्याने मागे वळून बघितलं. आजींना उतरायचं भान नव्हतं. गंगाधर शेजाऱ्याचा बैल घेऊन अजून रस्त्यातच होता, मागून शेजारी धावत येत होता. मी ऑटोवाल्याला गाडी सावलीत घ्यायला सांगितली आणि आजींकडे वळून म्हटलं, "मंग?"